परतीची तारीख

आमच्या वाचनालयाचं हिशोबाचं वर्ष मार्चअखेर संपतं, पण वाचकांचं वर्ष तेव्हाच सुरू होतं. हे उमजायला मला ग्रंथपालाच्या खुर्चीत सहा-सात वर्षं काढावी लागली. जालना जिल्ह्यातल्या आमच्या मंठ्यात दिवाळीनंतर माणूस हाती लागत नाही. कापसाची वेचणी, मग तूर, मग हरभरा. ज्वारी खळ्यावर आली, पराट्या उपटून बांधाला रचल्या की हात मोकळे होतात. ज्या दिवसांत आम्ही बिलं, पावत्या आणि दाखल नोंदीत मान खाली घालून बसायचो, त्याच दिवसांत लोक दाराशी येऊन, आतली गडबड पाहून परत जायचे.

2025 साली आम्ही ठरवलं की कागदं रात्री करायची. 27 फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनापासून शाळांना सुट्या लागून पाऊस येईपर्यंत वाचनालय सगळ्या वयांच्या माणसांसाठी चालवायचं. दोन खोल्या, मागे पत्र्याचं शेड, समोर कडुलिंब, त्याखाली दोन माठ. पैसा नव्हताच. एकच गोष्ट हाताशी होती, गावाला या दिवसांत वेळ असतो.

सुरुवात 'छावा'ने झाली. ते आम्ही योजलेलं नव्हतं. फेब्रुवारीच्या मध्याला सिनेमा लागला आणि दुसऱ्या दिवसापासून रांग. ज्यांनी आयुष्यात वाचनालयाची पायरी चढली नव्हती, ते ट्रॅक्टर रस्त्यावर उभा करून विचारायला यायचे, "मॅडम, छावा आला का?" शिवाजी सावंतांच्या त्या कादंबरीच्या आमच्याकडे दोन प्रती. एक घरोघर फिरत होती, दुसरी इतकी खिळखिळी की हातात घेतली की शेवटची पानं खाली पडायची. मागणी नोंदवहीत एकतीस नावं झाली. पंधरा दिवसांची मुदत धरली तर शेवटच्या माणसाला पुस्तक मिळायला वर्ष उलटलं असतं. म्हणून रोज संध्याकाळी साडेसहाला तासभर मोठ्याने वाचायचं ठरलं. वाचणारा रोज वेगळा. पहिल्या दिवशी नऊ माणसं होती, आठवड्यात शेड भरलं. एवढी जाडजूड कादंबरी महिन्यात पुरी होणार नव्हती, म्हणून भाग निवडले आणि फाल्गुन अमावस्येला, 29 मार्चला, शेवटचं प्रकरण घेतलं. संभाजीराजांचा मृत्यू त्याच तिथीचा, 1689 सालचा. त्या संध्याकाळी वाचणारा पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा होता. त्याचा आवाज बसला, तो थांबला, तेव्हा समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी उठून त्याला तांब्या नेऊन दिला आणि त्या परत जागेवर जाऊन बसल्या. कुणी काही बोललं नाही. मग त्याने उरलेलं वाचलं.

ती खिळखिळी प्रत वाचनाला उभी कुणी केली, ते सांगायला हवं. गावात पुस्तकं बांधणारे एक चाचा आहेत. पूर्वी कचेऱ्यांची बांधीव रजिस्टरं, शाळांच्या वह्या, कुराण, पोथ्या, सगळं त्यांच्याकडे यायचं. आता दुकान बंद आहे, दाभण आणि शिकंजा घरात आहे. मी त्यांना म्हटलं, पोरांना शिकवाल का? रमजान सुरू होता. ते म्हणाले, सकाळी येतो, दुपारनंतर हात चालत नाही. रोजा धरून ते दहा-बारा सकाळी आले. पोरं पाणी प्यायला माठाकडे जायची तेव्हा ती शेडच्या मागे वळून प्यायची. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

चाचांनी आधी खळ करायला शिकवली. मैदा थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, मंद आचेवर हलवत राहायचं, पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवायची. उतरवताना चिमूटभर मोरचूद. मोरचूद नसेल तर ती खळ झुरळं खातात आणि खळीसोबत पुस्तकही. ते काम मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने केलं, पोरांना पुडीला हात लावू दिला नाही. मग पाठ. जुनी शिवण उसवायची, एकेक जुज, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा जुडगा, वेगळा करायचा, घडीवर फाटलेल्या पानाला पातळ कागदाची पट्टी लावायची. सगळे जुज ठोकून सारखे केले की पाठीवर करवतीने बारीक खाचा पाडायच्या आणि त्या खाचांतून दोरा घेत एका जुजाला दुसरा गुंफत न्यायचा. दोरा आधी मेणावरून ओढायचा. "दोरा ओढायचा पन कागदाला कळू नै द्यायचा," चाचा म्हणायचे. ज्याने जोर केला त्याचा कागद चिरायचा. पोरं चिडायची, चाचा चिडायचे नाहीत. ते चिरलेलं पान पुन्हा पट्टीला घ्यायचे.

'छावा' झाला, 'मृत्युंजय' झालं, 'श्यामची आई'च्या तीन प्रती झाल्या. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, पाच दिवसांत. हे सांगितल्यावर एका मुलाने प्रत उलटून पाहिली आणि विचारलं, मग ती एवढी फाटते काहून? मी त्याला कार्ड दाखवलं. मागचं-पुढचं भरून, वर चिकटवलेला दुसरा कागदही भरला होता. जे पुस्तक कोरं करकरीत राहतं त्याची मला काळजी वाटते, फाटक्याची नाही.

त्या सकाळींपैकीच एका सकाळी एक पोर दारात उभी राहिली. अकरा-बारा वर्षांची, पायात चप्पल नाही, कडेवर धाकटा भाऊ. मंठा तालुक्यात बंजारा तांडे बरेच, आणि दिवाळी झाली की त्यांतली कित्येक घरं ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हातारी माणसं तांड्यावर, पोरं कधी मागे, कधी सोबत. त्या वर्षी ऊस कमी होता, हंगाम लवकर आटोपला आणि टोळ्या मार्चमध्येच परतल्या. ही आईबापासोबत कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, राहून आलेली. शाळेच्या पटावर सहावीत, पण दिवाळीनंतर वर्गात पाऊल नाही.

आत ये म्हटलं तर येईना. चाचांनी दुरुस्त झालेल्या पुस्तकांचा गठ्ठा सुतळीने बांधायला एका मुलाला दिला होता. त्याने मारलेली गाठ सुटली, गठ्ठा कलंडला. तिने भावाला खाली ठेवलं, आत आली, गठ्ठ्यावर गुडघा रोवला, सुतळीचा एक वेढा, एक पीळ, टोक आत खोवलं. झालं. गाठ नव्हतीच ती, पीळ होता. चाचांनी गठ्ठा उचलून हलवून पाहिला. "कुठं शिकलीस?" ती म्हणाली, "मोळी बांधती मी." उसाच्या मोळीला सुतळी कोण देणार, वाढ्यांचाच पीळ घालून ती बांधतात. दुसऱ्या दिवसापासून ती रोज आली. महिनाअखेरीस ती जुजबंदी करत होती, आणि कागद चिरत नव्हती.

गुढीपाडवा 30 मार्चला आला आणि ईद 31 ला. दोन्ही दिवस वाचनालयाला सुटी, पण मी सकाळी कुलूप उघडायला गेले तर पोरं दारात. पाडव्याला कडुलिंबाचा मोहोर तिथल्याच झाडाचा खाल्ला, ईदला चाचांच्या घरून शिरखुर्म्याचं पातेलं आलं. ते पुस्तकांपासून लांब ठेवा, एवढंच मी म्हणाले.

बायकांसाठी चैत्रातलं हळदीकुंकू करू, असं कार्यकारिणीत सुचवलं गेलं. मी विरोध केला. माझ्याकडे नियमाने पुस्तक नेणाऱ्या बायकांत निम्म्या एकट्या आहेत. काहींचे नवरे आजारपणात गेले, दोघींच्या नवऱ्यांनी नापिकीच्या वर्षात विषारी औषध घेतलं. त्यांना दारात उभं करून कुंकवाचा करंडा पुढे करणारा कार्यक्रम वाचनालयाने का करावा? म्हणून आम्ही फक्त पन्हं ठेवलं आणि आंब्याची डाळ, दर शनिवारी दुपारी तीन ते पाच. नाव काही दिलं नाही, बायकाच म्हणू लागल्या 'पन्ह्याला जायचंय'. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचायला घेतली. मला भीती होती की 1934 साली यायला लागलेलं पुस्तक जुनं वाटेल. झालं उलटंच. सासरचं घर आणि लक्ष्मीबाईंचे सोवळ्यात बुडालेले वडील आले, आणि वाचन अर्ध्या तासात थांबलं, कारण प्रत्येकीला आपलं काही सांगायचं होतं. लिहिता न येणाऱ्या एका मावशींनी दुसऱ्या शनिवारी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. मग बारावीच्या दोन मुली वही घेऊन त्यांच्या शेजारी बसल्या, आणि पुढचे सगळे शनिवार त्या तिथेच बसल्या.

11 एप्रिलला महात्मा फुले यांची जयंती, 14 ला बाबासाहेबांची. अठरा तास सलग अभ्यासाचा उपक्रम ठिकठिकाणी होतो, तसा आमच्याकडेही झाला. सकाळी सहाला सुरू, रात्री बाराला शेवट. बहुतेक मुलं-मुली स्पर्धा परीक्षेची. दुपारी पत्र्याचं शेड तापलं तेव्हा आतल्या खोलीत सरकून बसली, खांद्याला खांदा लागत होता. दुपारी वस्तीतून भाकरी आणि पिठलं आलं, रात्री शेजारच्या गल्लीतून चहा. एक शेतमजूर आजोबा दिवसभर कोपऱ्यात बसून होते. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांचा नातू अभ्यासाला बसला होता. मी दोनदा म्हटलं, बाबा, घरी जाऊन पडा. ते म्हणाले, "त्यो उठंस्तोवर म्या बी उठत नसतो." बाराला नातू उठला तेव्हा ते उठले.

माझा स्वतःचा आवडता दिवस 1 मेचा. आमच्याकडे रोज सकाळी पेपरला येणारे एक आबा आहेत, नव्वदीच्या जवळ आलेले. त्यांना पोरांसमोर बसवलं आणि एकच प्रश्न दिला, आबा, तुम्ही आजवर कोणकोणत्या राज्यात राहिलात? आबा म्हणाले, "घर तर बदललं नाही कधी." मग बोटं मोडत सांगू लागले. जन्म निजामाच्या राज्यातला. शाळा उर्दूतून, मराठी घरी, चोरून नाही पण जपून. 17 सप्टेंबर 1948 ला पोलीस कारवाई संपली, निजामशाही गेली, तरी राज्याचं नाव हैदराबादच राहिलं. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. 1 मे 1960 ला महाराष्ट्र. जिल्हा परभणी, तालुका परतूर. 1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर तालुका जालन्यात आला आणि आमचा मंठाही. पुढे मंठाच तालुका झाला. पोरं फळ्यावर खडूने मोजत होती. एकाच घरात राहून तीन राज्यं, दोन जिल्हे, दोन तालुके. एकाने विचारलं, पुढच्या वेळी कुठं जाणार? आबा म्हणाले, "आता मी नाही, तुम्ही मोजा."

मग त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर उजवीकडून डावीकडे स्वतःचं नाव उर्दूत लिहिलं. मदरशात जाणाऱ्या एका मुलीने ते मोठ्याने वाचलं. आबांना किती वर्षांनी कुणी त्या अक्षरांतून हाक मारली असेल! ते बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिले.

त्याच दुपारी ऊसतोडीवरून आलेली ती पोर माझ्या टेबलापाशी आली. "आमची बोली कोन्या पुस्तकात हाय का, मॅडम?" कपाटात आत्माराम राठोड यांचं 'तांडा' होतं, पण ते मराठीत आणि मोठ्यांसाठी. बंजाऱ्यांच्या गोरमाटीत, तिच्या वयाच्या मुलांनी वाचावं असं माझ्याकडे एकही पुस्तक नव्हतं. नाही म्हणताना मला जड गेलं. कपाटातल्या हजारो पुस्तकांत या पोरीच्या घरात बोलला जाणारा एक शब्द सापडू नये, ही उणीव तिची नव्हती, आमची होती.

म्हणून मेमधल्या बालशिबिरात आम्ही ते पुस्तक एका वहीत करायला घेतलं. चित्रकला, गोष्टी, कागदी टोप्या हे सगळं झालं, ते सगळीकडे होतं. इथे सांगायचं ते या वहीचं. त्या पोरीची आजी दोन दिवस तांड्यावरून आली. काचांची फेटिया-कांचळी, हातात कोपरापर्यंत बांगड्या. होळीला तांड्यावर लेंगी कशी म्हणतात, बायका-पुरुष कसे समोरासमोर उभे राहतात, नायकाच्या दारातून सुरुवात का होते, ते तिने सांगितलं आणि उठून दोन फेऱ्या नाचून दाखवल्या. मग गोष्टी. पोरं लिहून घ्यायची, देवनागरीत. आई म्हणजे याडी, भाकरी म्हणजे बाटी. एका शब्दावरून मुलांत भांडण लागलं, दोन तांड्यांवर तो दोन तऱ्हेने बोलला जायचा. आजी म्हणाली, दोन्ही लिवा. समोरासमोरच्या पानांवर गोरमाटी आणि मराठी, खाली चित्र. मराठीच्या बाजूला काही मुलांनी आपापल्या घरची दखनीही घुसवली, ती मी काढली नाही.

पण वही पुरी होण्याआधी पाऊस आला. त्या वर्षी मे महिन्यातच अवकाळीने धुमाकूळ घातला. एका रात्री वारं सुटलं, शेडचा एक पत्रा उचकटला आणि बालविभागाच्या कपाटात पाणी गेलं. सकाळी दार उघडलं तेव्हा खालच्या दोन फळ्या भिजून फुगल्या होत्या. मी तिथेच खाली बसले. चूक माझी होती. वर्षभर तो पत्रा वाजत होता, उन्हाळ्यात बघू म्हणून मी टाळलं होतं.

आठ वाजता शिबिराची मुलं आली. कुणी काही विचारलं नाही. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे काढले, भिजलेल्या पुस्तकांत दर पाच-सहा पानांमागे एक कागद सरकवला, पुस्तकं पंख्याखाली पंख्यासारखी उघडून उभी केली. तासाने भिजलेले कागद काढून कोरडे घातले. उन्हात ठेवायची नाहीत, पानं वाकडी होतात, हे त्यांना चाचांनी सांगितलेलं होतं. चिकटलेली पानं हाडाच्या पट्टीने सोडवायला ती पोर बसली. तिच्याइतका हलका हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. चार दिवस हेच चाललं, शिबिराचा पुढचा कार्यक्रम सगळा बाजूला राहिला. त्रेसष्ट पुस्तकं भिजली होती, नऊ गेली. बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंक फुगले होते, ते वाळवून, सरळ करून तिने त्यांचा एक बांधीव खंड केला. पुठ्ठ्यावर तांबडं कापड तिनेच निवडलं.

वही जूनमध्ये पुरी झाली. तिला दाखल क्रमांक द्यावा का, यावर कार्यकारिणीत बराच खल झाला. हस्तलिखित आहे, किंमत नाही, प्रकाशक नाही, तपासणीला काय उत्तर द्यायचं, असं एका सदस्यांचं म्हणणं. त्यांची शंका खोटी नव्हती, दाखल नोंदवहीत प्रत्येक रकाना भरावा लागतो. शेवटी मी शाईने लिहिलं. लेखकाच्या रकान्यात चौदा मुलांची नावं आणि आजीचं. किमतीच्या रकान्यात 'भेट'. प्रकाशकाच्या रकान्यात वाचनालयाचं नाव. क्रमांक पडला, पाठीवर चिठ्ठी लागली, कपाटात गेली. पहिल्याच आठवड्यात ती बाहेर गेली आणि तांड्यावर इतकी फिरली की आणायला मला स्कूटी काढून जावं लागलं. आजीच्या दारात तीन बायका बसल्या होत्या. एक शाळकरी मुलगा वाचत होता, आणि त्या मधूनमधून त्याला दुरुस्त करत होत्या.

त्या दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या. निघायच्या आदल्या संध्याकाळी ती पोर आली, धाकटा भाऊ बोट धरून. या वेळीही आईबाप तिला सोबत नेणार होते. शाळेतल्या बाईंनी आणि मी घरी जाऊन बोलून पाहिलं होतं, पण आजी आजारी होती, भावाला सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. तिने टेबलावर 'किशोर'चा तो तांबडा खंड ठेवला. तिला तो न्यायचा होता. कोपीवर रात्री बल्ब असतो, म्हणाली, मुकादमाच्या गाडीवरून वायर घेतात.

नियमाने मुदत पंधरा दिवसांची. मी रजिस्टर उघडलं, पुस्तकाचा क्रमांक लिहिला, तिचं नाव लिहिलं. तिने सही केली, पूर्ण नावाची, सावकाश. परतीच्या तारखेचा रकाना उरला. मी तिला विचारलं, कधी येशील?

"लेंगीला."

मी रकान्यात लिहिलं, होळी.